रडायचा वाफा

हे कुणाला पटणार नाही, आणि कुणाला पटलंच तर त्यानं एकदा डोकं तपासून घ्यावं, असं मी स्वतःच सुचवीन. गेल्या हंगामात आमच्या एका वाफ्यात जे मीठ पिकलं ते समुद्राचं नव्हतं. ते आमच्या घरच्या माणसांच्या डोळ्यांतलं होतं. चाळीस गोणी.

"चाळीस?" गोण्या भरायला आलेल्या हमालांतला जाड्या म्हणाला.

बरं, एकोणचाळीस. एक ओली होती, ती धरत नाही. बसा, सावलीला बसा. ट्रकवाला पंक्चर काढून येईपर्यंत गोष्ट संपते. नाही संपली तर तो दुसरं पंक्चर करून घेईल, माझा माणूस आहे.

तर आमचे वाफे अकरा. हे समोर दिसतात ते. बांध फोडून खारं पाणी पहिल्यात घ्यायचं, तिथून दुसऱ्यात, असं करत उन्हाच्या हाताखालून काढत शेवटच्यापर्यंत न्यायचं. वाटेत पाणी जड होत जातं. किती जड झालं ते अंडं सांगतं. कोंबडीचं साधं अंडं पाण्यात सोडायचं. बुडालं तर पाणी कच्चं, तरंगून नखाएवढं डोकं वर काढलं तर पिकलं. आमच्याकडे माणसाचा शब्द कुणी मानत नाही, माझा तर नाहीच, पण अंड्याचा मानतात.

आणि या सगळ्यावर हुकूम चालतो तो आमच्या म्हातारीचा. मी तिला मुकादम म्हणतो. तोंडावर नाही, मला जेवायचं असतं. मुकादमीणबाईंचा एकच कायदा: वाफ्यात गोडं पाणी पडता कामा नये. बांधावर चूळ भरायची नाही, तांब्या उपडा करायचा नाही, थुंकायचं नाही. आणि रडायचंही नाही. रडायचं असेल तर घरी जाऊन रडा. चाळीस वर्षांपूर्वी ती लग्न होऊन आली, तेव्हा तिच्या सासूनं तिला हे ऐकवलं होतं. तेव्हापासून ती बांधावर रडली नाही, आणि घरी जायला वेळ मिळाला नाही.

मुलगा एकच. घुम्या. दिवसाला सात शब्द बोलतो, त्यातले चार बैलाशी बोलायचा. बैल विकला तेव्हापासून तीनच. आणि त्याची बायको, आमची सून. आता तिकडे नवव्या वाफ्यात मीठ ओढायचं दाताळं चालवते आहे ना, तीच. तिच्यासारखी मिठाची रास या खाडीकाठी कुणी लावत नाही. लावली की वाटतं, वरून कुणीतरी चाळणीनं अलगद ठेवली. अहो, एकदा तिच्या राशीवर बगळा बसला तर पाय घसरून पडला, इतकी गुळगुळीत.

गेल्या हंगामाच्या ऐन मध्यावर ढग आले. पाऊस नाही, नुसते ढग. महिना-सव्वा महिना आभाळ घोंगडी पांघरून झोपलं. आठव्या, नवव्या, दहाव्या वाफ्यांत पाणी पिकत आलेलं, आणि ऊन नाही. मीठ धरेना. अशा वेळी माणसं एकमेकांना धरतात. मुकादम मला धरून होती, मी घुम्याला, घुम्या फावड्याला.

त्यातच एके सकाळी सून म्हणाली, "आई, खांदा दुखतोय."

आता मिठागरात कुणी खांदा दुखतो म्हणणं म्हणजे माशानं अंग ओलं झालं म्हणणं. आमच्याकडे जन्मलेल्या पोराचाही खांदा दुखतो. मुकादमीनं तेल चोळलं, कापडात गरम मीठ बांधून शेक दिला, आणि म्हणाली, "माझे चाळीस वर्षं दुखतायत. मी कुठे निजले?" सून पुन्हा दाताळं घेऊन उभी राहिली. दुपारी चहाला बसलो. मी सांगत होतो मगरीनं माझ्याकडून तंबाखू उधार नेली ती गोष्ट. तुम्हाला ठाऊक आहे, ती गोष्ट लांबते. सूनबाई पोटाशी हात धरून, ओठ दाबून ऐकत होती. मला वाटलं, हसू दाबते आहे. मी आणखी दोन मगरी घातल्या.

तिसऱ्या मगरीला ती आडवी झाली.

ट्रकमध्ये गोण्यांवर निजवून नेलं तिला. घुम्यानं तिचं डोकं मांडीवर घेतलं होतं आणि वाटभर एकच शब्द म्हणत होता, "हळू, हळू." ट्रकवाल्याला वाटलं त्याला म्हणतोय, तो बिचारा हळू चालवायला लागला. शेवटी मुकादमीनं खिडकीतून हात घालून त्याचा कान धरला.

दवाखान्यात ऑपरेशन झालं. डॉक्टरीणबाई वयानं आमच्या सुनेएवढी, डोळ्यांखाली काळं, पायात रबरी चपला. म्हणाली, "गर्भ राहिला होता. पण पिशवीत रुजायच्या ऐवजी नळीतच रुजला. तिथे वाढायला जागा नसते. नळी फुटली, पोटात रक्तस्राव झाला; त्या रक्तानंच खांदा दुखत होता. डावी नळी काढावी लागली. ती आता ठीक आहे."

गर्भाचं फक्त त्या दोघांना माहीत होतं, तेही आठवडाभरच. आम्हाला बाईंनी आजी-आजोबा केलं आणि काढलं, एकाच वाक्यात.

मुकादम म्हणाली, "ओझं उचलून झालं का हो?"

"नाही. ओझ्यानं नाही, उन्हानं नाही, कुणाच्या चुकीनं नाही. कधीकधी होतं. दुसरी नळी चांगली आहे, पुढे मूल होऊ शकतं. पण आता काही महिने थांबा." मग घुम्याला बाजूला घेऊन तिनं सूचना सांगितल्या. त्यानं बाहेर येऊन बोटांवर मोजून आम्हाला सांगितल्या. वजन नको. टाके ओले नकोत. गोळ्या वेळेवर. ताप आला, पोट दुखलं तर तडक या. पंधरा दिवसांनी दाखवायला. झाल्या पाच. त्या दिवशी त्याचे महिन्याचे शब्द संपले.

घरी आणल्यावर खरं दुखणं सुरू झालं.

वस्तीत सांगायचं काय? मुकादमीनं ठरवून टाकलं, अपेंडिक्स. "आतड्याचं शेपूट होतं, काढलं." लोक ऐकतात, मान हलवतात, जातात. पण शेजारीण गेली नाही. आम्ही तिला चौकशी म्हणतो. तिच्यापासून लपवायचं तर माणसानं जन्माला येऊ नये. ती खाटेवर सुनेच्या पायाशी बसली आणि म्हणाली, "माझंही काढलंय गं, वीस वर्षं झाली. दाखव, तुझं केवढं फाडलं?" सून कानकोंडी झाली. बाईनं चादर सारलीच. तीन बारीक छेद, त्यातला मोठा डावीकडे.

"अगं, अपेंडिक्स तर उजवीकडे असतं!"

मुकादम चहा गाळत होती. मागे न वळता म्हणाली, "आमच्या घराण्यात डावीकडे असतं."

मी म्हणालो, "माझंही डावीकडेच आहे. माझ्या आजोबांचं तर पाठीला होतं."

चौकशी आमच्या तोंडाकडे बघत निघून गेली. सून भिंतीकडे तोंड करून निजली. खांदे हलले नाहीत, नाक ओढल्याचा आवाज नाही, काही नाही. कसं असेल? एक खोली आमची, मध्ये पडदा. हुं केलं की मुकादम ओरडायची, "रडू नकोस, टाके तुटतील!" बांधावर येऊन बसली की, "रडू नकोस, वाफ्यात पडेल!" घुम्या तिच्याजवळ बसायचा, तिच्या चपलेची चिखलाची पोपडी नखानं काढायचा, आणि उठून जायचा. पंधरा दिवसांत त्यानं एक जोड चपला झिजवली, न घालता.

आणि मी? मी गोष्ट सुरू केली की ती म्हणायची, "सांगा ना, मामंजी." मग मलाच आठवेना. मगर पाण्याबाहेर येईना.

तीन आठवडे झाले. परत दाखवून आणलं, जखम भरली होती. एके दिवशी, दुपारी दोनचा सुमार, मी शेवटच्या वाफ्याच्या बांधाला चिखल लावत होतो. हा शेवटचा, कोपऱ्यातला, वेडावाकडा. त्याला कुठूनतरी गळती आहे; जन्मात धड पिकला नाही. सूनबाई आली. हातात पिशवी. उपड्या टोपलीवर बसली.

"मामंजी, तीनची गाडी आहे. मी आईकडे जाते."

"जा की. चार दिवस राहून ये."

"चार दिवस नाही. किती ते माहीत नाही." तिनं पिशवी मांडीवर घेतली. "मला रडायला जागा हवी आहे. घरात नाही, बांधावर नाही. आईकडे मागे चिंचोळी गल्ली आहे, कोळसे ठेवायची. तिथे बसेन."

मी हातातला चिखल बांधावर टाकला.

"सगळे म्हणतात, बरी झालीस, वाचलीस. वाचलेच की. पण कुणी तरी होतं ना, मामंजी? अपेंडिक्स नव्हतं ना ते? मी रोज त्याला एक वाफा दाखवायचे. हा पहिला, इथे पाणी येतं. हा दुसरा. आम्ही सातव्यापर्यंत आलो होतो."

बघा, मी आयुष्यभर खोटं बोलून पोट भरलेला माणूस. पण तेव्हा मला कळलं की ही पोर गेली तर गोष्टीतल्यासारखी परत येणार नाही. मी बोंब ठोकली. "मुकादम! ए मुकादम!" तोंडावर म्हणालो. त्यावरून काय ते ओळखा. ती फावडं घेऊनच आली, मागून घुम्या.

"हिला इथे रडायचंय," मी म्हणालो.

"इथे नाही. गोडं पाणी—"

"डोळ्यांतलं पाणी गोडं कोण म्हणालं? ते खारं असतं."

"सासूबाई म्हणायच्या—"

"सासूबाईंनी अंडं टाकून बघितलं होतं?"

ती थबकली. धंद्यातली बाई हो! देव खोटा म्हणा, नवरा खोटा म्हणा, चालेल. चाचणी नको असं ती कशी म्हणेल? तिनं फावडं बांधात रोवलं. मग म्हणाली, "पेला आण रे."

घुम्यानं चहाचा पेला पुसून आणला आणि खोपटातलं चाचणीचं अंडं. सगळे टोपलीभोवती उकिडवे बसलो. मी सुनेसमोर पेला धरला. "हं. रड."

ती बघत राहिली. एकदा माझ्याकडे, एकदा अंड्याकडे. "असं कसं येईल, मामंजी?"

"तीन आठवडे तुंबलंय म्हणतेस आणि आता येत नाही?"

"तुम्ही सगळे बघताय."

"वळा रे," मुकादमीनं हुकूम सोडला. आम्ही तिघं पाठ करून बसलो. मी पेला पाठीमागे धरलेला. वारा आला. पाणकावळा ओरडला. मुकादम कुजबुजली, "आलं का?" मागून आवाज आला, "नाही." मग मागून फुसकन हसू आलं. सुनेचं. तीन आठवड्यांनी. घुम्याची मान गर्रकन वळली.

"कुणीतरी सुरुवात करा," ती म्हणाली, "मग मला येईल."

सुरुवात घुम्यानं केली. पेला त्यानं ओढून घेतला, नाकाशी धरला, आणि बोलला. मोजले मी, एकोणचाळीस शब्द होते. म्हणाला, "बाईंनी सहा गोष्टी सांगितल्या होत्या. मी पाच सांगितल्या. सहावी होती, तिला रडू द्या. मी लपवली. ती रडली असती तर मी पण रडलो असतो, आणि मी थांबलो नसतो. मला पण कळलं होतं ना ते. मी पाळण्यासाठी लाकूड बघून ठेवलं होतं." आणि खरंच तो थांबला नाही. पेल्यात टपटप, टपटप. पेल्याबाहेरच जास्त गेलं. नेम वाईट आहे त्याचा.

मग मुकादमीनं पेला घेतला. तिला वाटलं चाचणीसाठी चार थेंब द्यावे आणि उठावं. म्हणाली, "खांदा दुखतो म्हणालीस तर मी तुला शेक दिला गं. दाताळं हातात दिलं." आणि पुढे तिचं तिलाच आवरेना. चाळीस वर्षांचं होतं ते. सासूचं होतं, उन्हाचं होतं, विकलेल्या बैलाचंही होतं. सुनेनं टोपलीवरून उतरून तिला धरलं, आणि तिला धरता धरता तिचाही बांध सुटला. मोठ्यानं, तोंड उघडं टाकून, लहान पोरासारखी. "सातव्यापर्यंत आलो होतो," म्हणाली. मुकादम म्हणाली, "मग आठवा मी दाखवते त्याला. चल." आणि त्या दोघी एकमेकींना धरून, हुंदके देत, आठव्या, नवव्या, दहाव्या वाफ्याच्या बांधावरून चालत गेल्या. मुकादम खरंच सांगत होती, "इथे पाणी पिकतं रे बाळा. इथे अंडं तरंगतं. इथून पुढे फक्त मीठ." वळून इथे, अकराव्यावर आल्या.

तोवर तीनची गाडी पलीकडच्या रस्त्यानं भोंगा वाजवत गेली. कुणी बघितलंही नाही.

पेला? पेला काठोकाठ. मी अंडं सोडलं. तरंगलं हो! नुसतं तरंगलं नाही, पेल्यात उभं राहून त्यानं इकडेतिकडे बघितलं. मुकादमीनं निकाल दिला, "पाणी पिकलेलं आहे. वाफ्यात चालेल." आणि पेला या अकराव्या वाफ्यात ओतला. तेव्हापासून याचं नाव रडायचा वाफा. कुणालाही वाटलं तर इथे येऊन बसायचं. कोण, का, किती, विचारायचं नाही.

चौथ्या दिवशी चौकशी आली. विचारायलाच आली होती. सुनेनं तिला टोपली दिली आणि सरळ सांगितलं, "मावशी, अपेंडिक्स नव्हतं. मूल होतं. नळीत राहिलं होतं." त्या बाईनं, जन्मात जिची जीभ टाळूला लागली नाही तिनं, आधी मागेपुढे कुणी आहे का बघितलं. मग म्हणाली, "माझंही नव्हतं गं अपेंडिक्स. माझी उजवी नळी होती." आणि वाफ्याकडे तोंड करून बसली. त्या महिन्यात कळलं, आमच्या वस्तीत सात बायकांचं अपेंडिक्स काढलेलं आहे, त्यातल्या तिघींचं अजून जागच्या जागी आहे.

सातही जणी यायच्या. रडायला म्हणून यायच्या आणि निम्मा वेळ हसायच्या. हसताना डोळ्यांतून येतं तेही पाणी खारंच, मी चाखलंय. आमची सून मध्ये बसून सगळ्यांची नक्कल करायची. माझी तर अशी करते की मगरही फसेल. काही दिवशी ती एकटीच यायची, पेल्याशिवाय, अर्धा तास बसायची, नाक पुसायची आणि दाताळं उचलायची. अजून येते. आम्ही वाट सोडून देतो. घुम्या जवळ जाऊन बसतो आणि आता बोलतोसुद्धा. परवा बारा शब्द मोजले. पुढचं पुढे बघू म्हणते ती. डॉक्टरीणबाईंनी हो म्हटलंय. पण तिचं मन हो म्हणेल तेव्हा. घाई कुणाला आहे? म्हातारा झालो तरी मी अजून शंभर वर्षं आहे.

पेला ओतल्यापासून नवव्या दिवशी ढग फाटले. असं ऊन पडलं की सावल्या उठून घरात गेल्या. आणि अकरावा वाफा, जो जन्मात पिकला नव्हता, तो धरला! खडा असा, हरभऱ्याएवढा, पांढराशुभ्र. जिभेवर ठेवला की आधी डोळ्यांत पाणी, मग ओठांवर हसू. चाळीस गोणी.

"एकोणचाळीस," जाड्या म्हणाला. "आजोबा, गोण्या पटल्या. अंडं उभं राहिलं तेही पटलं. पण एक सांगा. तुमच्या सुनेनं सांगितलं, कुणीतरी सुरुवात करा. ते सगळे रडले. तुम्ही काय करत होतात?"

मी? मी पेला धरून होतो. कुणीतरी धरायला नको? तीन माणसं रडणार, पेला सांडला असता. माझ्या डोळ्यांना साठ वर्षांचं मीठ लागलंय, बाबा. तिथून पाणी येत नाही. आलाच तर खडा येतो. त्या दिवशी एक टिपूसही—

नवव्या वाफ्यातलं दाताळं थांबलं. सुनेनं कमरेवर हात ठेवला आणि तिथूनच, सगळ्या खाडीला ऐकू जाईल असं ओरडली,

"खोटं! सुरुवात तुम्हीच केलीत, मामंजी! मगरीचं नाव काढलंत आणि माझ्या पायाशी बसून रडलात. पेला तर तुम्हीच भरलात!"